गुड्रुन बाहेरच राहिली

प्रार्थना सुरू व्हायची वेळ झाली होती आणि जिच्यासाठी ती होती ती गुड्रुन चर्चबाहेर गाडीत अडकून पडली होती. म्हणजे तिच्या रक्षेचा कलश. नवऱ्याने, आर्विदने, तो पुढच्या सीटवर ठेवून त्याला पट्टासुद्धा लावला होता. गाडीला कुलूप होतं, कुलूप गोठलं होतं आणि आर्विद किल्ली हातात धरून दाराशी उभा होता. ही बातमी चर्चच्या तळघरात पोचली तेव्हा गुड्रुनची थोरली बहीण बोर्गहिल्ड सँडविचमध्ये हॅम भरत होती. तिने हातातला चाकू ठेवला, ॲप्रनवरच कोट चढवला आणि जिना चढून ती बाहेर आली.

बोर्गहिल्डने अख्खा आठवडा या प्रार्थनेच्या तयारीत घालवला होता. कुठली स्तोत्रं म्हणायची, कॉफी किती करायची, कुणी कुठे बसायचं, सगळं तिनेच ठरवलं होतं. त्या गडबडीत रडायलाही तिला फुरसत मिळाली नव्हती. धाकट्या बहिणीचा निरोप नीटनेटका व्हावा, कुणाला नाव ठेवायला जागा राहू नये, एवढीच तिची इच्छा होती. आणि ऐन वेळी या मेहुण्याने असा घोळ घातला होता.

"गाडीला कुलूप कशाला लावलंस?" तिने विचारलं. नॉर्डबी गावात गाडीला कुलूप लावणारा एक तर पाहुणा असतो, नाहीतर शेजाऱ्यांवर रुसलेला तरी.

"तिला उघड्या गाडीत सोडून कसा जाऊ?" आर्विद म्हणाला. "पायऱ्यांवरचा बर्फ काढायला लवकर आलो होतो."

"आणि ही गाडी एवढी चकाचक कशी?"

"सकाळी धुतली."

"धुतलीस? जानेवारीत?"

"तुझ्या गाडीतून चर्चला यायची लाज वाटते, असं म्हणायची ना ती. म्हटलं, आज तरी..."

बोर्गहिल्डच्या जिभेवर बरंच काही आलं होतं, ते तिने गिळलं. या थंडीत गाडी धुतली की पाणी कुलपात शिरतं आणि तिथेच गोठतं, हे नॉर्डबीत शेंबडं पोरही सांगेल. पलीकडचं दार तर बर्फाच्या ढिगाला टेकलेलं होतं. तेवढ्यात वर्दी लागल्यासारखे लोक चर्चमधून बाहेर येऊ लागले.

आता, नॉर्डबीत मदत घ्यायची एक रीत आहे. कुणी विचारलं की आधी 'नको' म्हणायचं. पुन्हा विचारलं की 'छे, तुला कशाला त्रास' म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, आता एवढं म्हणतोसच तर' म्हणून मुकाट्याने घ्यायची. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा हावरट ठरतो आणि तिसऱ्यांदा न विचारणारा कोरडा. आर्विदचा शेजारी क्लॅरेन्स या रीतीतच म्हातारा झालेला.

"लायटर आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "किल्ली तापवून देऊ?"

"नको रे."

"अरे, मिनिटाचं काम आहे."

"छे, तुला कशाला त्रास."

"त्रास कसला त्यात? आण ती किल्ली."

"नको. राहू दे."

क्लॅरेन्सचा हात पुढे आला होता तो तसाच राहिला. तिसऱ्या नकारानंतर काय करायचं हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण आजवर तशी वेळच आली नव्हती. त्याने लायटर खिशात घातला आणि बाजूला उभा राहून तो गंभीरपणे कुलपाकडे बघू लागला. मग ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी केस वाळवायचं यंत्र आणायची तयारी दाखवली. त्यांनाही तीन नकार मिळाले आणि त्याही क्लॅरेन्सशेजारी उभ्या राहिल्या. कुणी काच फोडू का म्हणालं. बघता बघता गाडीभोवती अख्खं गाव काळ्या कपड्यांत गोळा झालं आणि कुलपाला हात काही कुणाचा लागला नाही.

शेवटी पास्टर आले. पातळ झग्यात त्यांचे दात वाजत होते. "आपण... कलशाशिवायच सुरू करू या का?"

"जिचं कार्य तीच बाहेर? मुळीच नाही," बोर्गहिल्ड म्हणाली. "आर्विद, किल्ली दे."

"नको गं, तुला कशाला..."

तिने पुढचं ऐकून घेतलंच नाही. किल्ली त्याच्या हातातून ओढली, लोकांकडे पाठ करून ती वाकली, किल्ली कुलपात घातली आणि सगळा जोर लावून फिरवली. जोराची गरज नव्हती. लोण्यात सुरी फिरावी तशी ती फिरली आणि खटका हळूच वर आला.

"हे कधी सुटलं?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"मघाशीच. क्लॅरेन्स यायच्या आधी." आर्विदची नजर बुटांवर होती. "आधी खरंच गोठलं होतं गं. मग उघडलं. मी परत लावलं."

"अरे, पण का?"

"ती एकदा आत गेली की संपलंच ना सगळं. जाताना गाडीत मी एकटा. अजून थोडा वेळ बसू दे तिला इथे."

खुर्च्या मोजताना, ब्रेड कापताना बोर्गहिल्डच्या एकदाही लक्षात आलं नव्हतं की आपण ही तयारी कशाची करतोय. आता आलं, आणि बहिणीने आत जाणं तिलाही नको झालं. तिने किल्ली उलटी फिरवली, कंबर सरळ केली आणि वळून खणखणीत आवाजात आयुष्यातलं पहिलं खोटं बोलली.

"पक्कं गोठलंय. उन्हाळ्यापर्यंत सुटायचं नाही. पास्टर, प्रार्थना इथेच करा."

"इथे?"

"इथेच. आणि आटोपशीर."

पास्टरांचं प्रवचन नेहमी बाकावरच्या माणसाच्या पायाला मुंग्या येईपर्यंत चालायचं. त्या दिवशी ते दोन वाक्यांत संपलं आणि लोक अजूनही त्याची वाखाणणी करतात. स्तोत्र म्हणताना सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. आर्विदने हातमोजा काढून गाडीच्या टपावर तळवा ठेवला होता आणि स्तोत्र संपेपर्यंत उचलला नाही.

लोक गोठलेल्या पायांनी तळघरात कॉफीकडे पळाले. मागे दोघंच उरली. बोर्गहिल्डने कुलूप उघडलं, किल्ली आर्विदला दिली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

"पुढे तिलाच बसू दे," ती म्हणाली. "तळ्याकडून एक चक्कर मारून आण आम्हाला."

"आणि तुझे ते सँडविच?"

"हात आहेत लोकांना. भरून घेतील."

उन्हाळ्यापर्यंत न सुटणारी गाडी सुरू झाली आणि तळघराच्या जमिनीलगतच्या खिडक्यांसमोरून सावकाश निघाली. एका खिडकीत क्लॅरेन्स कप घेऊन उभा होता. त्याने गाडी पाहिली, मागे बसलेली बोर्गहिल्ड पाहिली आणि तो शांतपणे खिडकीकडे पाठ करून असा उभा राहिला की आतल्या कुणाला बाहेरचं काही दिसू नये.

तळं आलं. मग आर्विदने आरशात पाहिलं.

"रडतेस का गं?"

"छे," बोर्गहिल्ड नाक ओढत म्हणाली. दिवसातलं तिचं हे दुसरं खोटं होतं.