वॅफलसाठी फळीचा उतार

यंत्र कुठलंही असो, मी दुरुस्त करतो! आयोवातल्या शेतावर चाळीस वर्षं ट्रॅक्टर खोलले आणि जोडले. मग पाच महिन्यांच्या, सेंट बर्नार्ड जातीच्या कुत्र्याच्या पिल्लाचा लंगडा पाय म्हणजे काय मोठंसं?

पिल्लाचं नाव वॅफल. माझ्या बायकोने, आर्डिसने, ते आधीच ठरवून ठेवलं होतं. पिल्लू घरी आलं तेव्हा आर्डिस या जगात राहिली नव्हती.

मी त्याच्या मागच्या डाव्या पायाला लोणी चोळलं. त्याने ते चाटून साफ केलं आणि आणखी मागितलं!

मुलगी कारीन म्हणाली, "बाबा, रविवारपर्यंत हा नीट चालला नाही, तर मी याला माझ्याकडे नेणार."

गुरांच्या डॉक्टरांनी हाडं ठीक आहेत असं सांगून मला, कारीनला आणि वॅफलला तेस्के बाईंकडे पाठवलं. या प्राण्यांच्या कायरोप्रॅक्टर, म्हणजे हातांनी मणके जागेवर बसवणाऱ्या. माझी पाठ एकदा अशाच एकाने मोडून बसवली होती, आवाज शेजारच्या शेतात गेला होता! मी वॅफलला धरलं आणि डोळे मिटले.

"आई गं!" मी ओरडलो.

"आजोबा, मी अजून हातसुद्धा लावलेला नाही," बाई म्हणाल्या.

पिकलेला टोमॅटो बघावा तशी दोन बोटं त्यांनी मणक्यांवरून फिरवली. "वाढत्या हाडांना जोर चालत नाही." पाच मिनिटांत वॅफल घोरायला लागला.

"हा झोपतो कुठे?"

"गोठ्यात!" मी छाती काढून म्हणालो. आमच्यात कुत्रा गोठ्यात, माणूस घरात. आर्डिसला मी चाळीस वर्षं हेच ऐकवलं होतं.

"उंचावरून उड्या मारतो?"

"छे! गोठ्यात कसली उंची?"

तेवढ्यात वॅफल जागा झाला. बाईंच्या खोलीतल्या सोफ्यापाशी गेला, पुढचे पाय वर टेकले आणि माझ्याकडे बघत थांबला. मी छताकडे बघितलं. तो भुंकला. सवयीने माझे हात पुढे गेले आणि मी त्याला उचलून वर ठेवलं! त्याने तीन गिरक्या घेतल्या आणि खाली उडी मारली. धप्प! त्याच डाव्या पायावर.

"बाबा!" कारीन ओरडली. "म्हणजे रोज असंच उचलून पलंगावर झोपवता याला?"

"आईच्या बाजूला," मी म्हणालो. "थंडी वाजते."

"वॅफलला?"

मी भिंतीवरचा कुत्र्याच्या सांगाड्याचा तक्ता वाचायला लागलो.

कारीनने नाक पुसलं. बाई म्हणाल्या, "पलंगाला उतार लावा. उडी बंद, आणि मंगळवारी परत आणा."

उतार? हे तर माझंच काम! शनिवारभर फळ्या कापल्या, वर गालिचा ठोकला. रविवारी कारीन दारात उभी, आणि वॅफल पलंगावरून चारही पायांवर राजासारखा चालत खाली आला! अंगणात गेला, कोंबड्यांच्या मागे दोन फेऱ्या धावला. लंगडणं नाही!

"जिंकलो!" मी ओरडलो.

"जिंकलात," कारीन म्हणाली. "वॅफल इथेच राहील. पण बाबा, उताराला हा धरायचा कठडा कशाला?"

कुत्र्याला कठडा धरता येत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.