अग्नीचा मान

परीक्षेच्या दिवशी सकाळीच सासूबाईंची कंबर धरली.

"वाकले आणि तिथेच अडकले बघ," त्या पलंगावर आडव्या पडून म्हणाल्या. "आता खारूला उचलायचं सोडच, मलाच उचलायला कुणीतरी लागेल."

खारू म्हणजे त्यांची नात. दात येत होते, त्यामुळे हाती लागेल ते कुरतडायची. खुर्चीचा पाय, आजीच्या चपलेचा पट्टा, बापाचा कान, काहीही चालायचं. तो बाप कधीच कामावर गेला होता.

"घेऊन जा तिला," सासूबाई म्हणाल्या. "झोपली तर झोपली."

"आणि नाही झोपली तर?" सुनेने विचारलं.

"तर तुझं नशीब. पण परीक्षा बुडवलीस तर माझ्याशी गाठ आहे."

खारूच्या आईला किमयापीठात सगळे भट्टीवाली म्हणत. विद्यार्थ्यांच्या भट्ट्या पेटवणं हे तिचं काम. त्या गावात माणसाची पायरी गळ्यातल्या बटणावरून ठरायची. रेशमी दोरीत ओवलेलं बटण कथलाचं, तांब्याचं, चांदीचं नाहीतर सोन्याचं. सोन्याचं बटण असेल त्याने पुढच्या संगमरवरी जिन्याने जायचं, बाकीच्यांनी मागच्या अंधाऱ्या जिन्याने. भट्टीवालीचं बटण तांब्याचं. रूपांतराच्या परीक्षेत तांब्याचं सोनं करून दाखवलं की सोन्याचं बटण मिळायचं. परीक्षेला कुणीही बसू शकत असे. फक्त तांब्याच्या बटणाचं माणूस आजवर पास झालं नव्हतं, एवढंच.

तिला खरं तर बटणाची हौस नव्हती. पीठाच्या पहिल्या मजल्यावर एक पाळणाघर होतं. उन्हाची खोली, मऊ गाद्या, हसऱ्या दोन आया. फक्त सोन्याच्या बटणवाल्यांच्या मुलांसाठी. रोज कोळशाची बादली घेऊन जाताना ती तिथे दारातून डोकावायची, आणि आत्ता घरी खारूने काय गिळलं असेल, याचा हिशेब करायची.

परीक्षेच्या दालनात ती सगळ्यांच्या आधी पोचली. मुलीला ठेवायचं कुठे? भट्टीजवळ अर्थातच नाही. निखारा उडाला तर? कपाटात नको, गुदमरली तर? शेवटी भट्टीपासून सगळ्यात लांबच्या भिंतीशी एक मोठं घंगाळ होतं, त्यात चादर अंथरून तिने झोपलेल्या खारूला ठेवलं आणि वर विरळ पंचा टाकला. नाकाशी बोट धरून श्वास तपासला. चार पावलं गेली आणि परत येऊन पुन्हा तपासला.

मग तीन परीक्षक आले. मधे कुलगुरू. बुटके, गोल, आणि झग्यापुढे सोन्याचं भलंमोठं बटण लोंबतंय. एका बाजूला उंच परीक्षक, दुसऱ्या बाजूला जाड्या भिंगांच्या परीक्षकबाई.

"तयारी झाली?" कुलगुरूंनी विचारलं.

"हो, सर."

"मग तांबं मुशीत घाला, किमयेच्या पुड्या घाला, आणि नियमाप्रमाणे आम्ही अग्नीचा मान राखतो."

हा पीठाचा फार जुना नियम. तांबं वितळलं की परीक्षकांनी भट्टीकडे पाठ करायची, समोरच्या भिंतीशी गुडघे टेकायचे, मान खाली घालायची आणि बाहेर शिपाई घंटा देईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. का, ते कुठल्याच ग्रंथात लिहिलेलं नव्हतं. भट्टीवालीला त्यातला भक्तिभाव आवडायचा. सोन्याच्या बटणवाल्या घरांतली मुलं परीक्षेला एवढ्या ढगळ बाह्यांचे झगे का घालून येतात, याचा मात्र तिने कधी विचार केला नव्हता.

परीक्षकांनी गुडघे टेकले. नेमके त्या लांबच्या भिंतीशी. कुलगुरू बरोबर घंगाळासमोर.

भट्टीवालीने मुशीत पाहिलं. तांबं वितळलं होतं, पुड्या जळून गेल्या होत्या, आणि तांबं तांबंच होतं. तिने ढवळलं. छान, लालभडक तांबं. "काय चुकलं माझं?" ती पुटपुटली आणि सवयीने घंगाळाकडे पाहिलं.

पंचा हलला. खाली पडला. घंगाळाच्या काठाला धरून खारू उभी राहिली. तिच्या नाकासमोर, रेशमी दोरीच्या टोकाला, थंडगार, चकचकीत, चावायला अगदी बेताचं असं एक बटण डुलत होतं. दालनातल्या उबेने कुलगुरूंना डुलकी लागली होती, त्यांच्याबरोबर तेही डुलत होतं.

खारूने ते तोंडात घेतलं. दोरी कुरतडली. तटकन् तुटली.

भट्टीवाली कशी धावली ते तिचं तिलाच कळलं नाही. चवड्यांवर पळत तिने पोरीला गाठलं, तोंडात बोट घातलं आणि लाळेत बुडालेलं बटण बाहेर काढलं. खारूचा ओठ वळला. आता रडणार! तिने दोरीचं उरलेलं टोक पोरीच्या हातात दिलं, तिला खाली बसवलं, पंचा टाकला आणि उलट पळाली. वाटेतच घंटा झाली.

हातात कुलगुरूंचं बटण. लपवणार कुठे? तांब्याच्या बटणवाल्यांच्या ॲप्रनला खिसे नसतात. सोनं चोरतील म्हणून पीठ ते बिनखिशाचेच शिवून घेतं. परीक्षक उठत होते. तिने डोळे मिटले आणि बटण मुशीत टाकलं.

उंच परीक्षक आधी पोचले. चिमट्याने मूस उतरवली, ओतली, थंड केली, आम्लाचा थेंब टाकून पाहिला आणि त्यांचा आ वासला. "सोनं!"

"जरा लालसर आहे," परीक्षकबाई भिंगातून बघत म्हणाल्या.

"लालसर का असेना. माझं तर हिरवट झालं होतं. बाबांची अंगठीच तशी होती म्हणा..." उंच परीक्षक एकदम खोकायला लागले.

भट्टीवाली त्यांच्याकडे बघत राहिली. पाठ, गुडघे, मिटलेले डोळे, ढगळ बाह्या. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

कुलगुरूंचा हात तेवढ्यात छातीकडे गेला. तिथे कुरतडलेल्या दोरीचं एक ओलं टोक होतं. त्यांनी टोक पाहिलं. मुशीकडे पाहिलं. भट्टीवालीकडे पाहिलं.

"बाई," ते दबल्या आवाजात म्हणाले, "आमची पाठ असताना तुम्ही..."

"पाठ असताना काय, सर?" तिने अगदी निरागसपणे विचारलं. "पाठ असताना लोक काय करतात?"

कुलगुरूंनी दोरीचं ओलं टोक घाईने झग्यात खुपसलं.

तेवढ्यात घंगाळातून भोकाड ऐकू आलं. पंचा उडाला, आणि ओठाला रेशमाचा धागा चिकटलेली खारू प्रकट झाली.

"परीक्षेच्या दालनात मूल?" परीक्षकबाई कडाडल्या. "परीक्षा रद्द! चौकशी झाली पाहिजे!"

भट्टीवाली पोरीकडे निघाली. गेलं पाळणाघर. बहुतेक नोकरीही गेली.

"कसली चौकशी?" कुलगुरू घाईघाईने पुढे झाले. त्यांनी खारूला उचललं आणि तिच्या तोंडावरचा धागा हळूच टिपून घेतला. "माझी नात आहे ती. मीच आणलं होतं. परीक्षा पास. चला!"

खारूने नव्या आजोबांचा कान चावला.

पुढच्या जिन्याशी शिपाई आडवा आला. "साहेब, बटण?"

"अरे, मी कुलगुरू!"

"ते खरं, साहेब. पण बिनबटणाला पुढून सोडायचं नाही, हा तुमचाच हुकूम."

म्हणून कुलगुरू मागच्या जिन्याने उतरले. भट्टीवाली त्यांच्या पुढे, मुलीला कडेवर घेऊन.

"केवढा हा अंधार! इथून रोज माणसं जातात?"

"पुढची पायरी तुटलीय, सर. जपून."

"कुणी कळवलं कसं नाही?"

"कळवतो की. मागच्या जिन्याची तक्रार पुढच्या जिन्याने न्यावी लागते, आणि तिथून आम्हाला सोडत नाहीत."

धप्प असा आवाज झाला. पायरी आठवड्याच्या आत दुरुस्त झाली.

खारू पाळणाघरात जाऊ लागली. पहिल्याच दिवशी धोबीणबाई भट्टीवालीला कोपऱ्यात गाठून म्हणाली, "अगं, माझी बहीण बसतेय परीक्षेला. तुझी पोर एक दिवस देशील का गं?"

"देईन की," भट्टीवाली म्हणाली. "पण लवकर बसव. दाढा आल्या की हिची आवड बदलेल."

ही कुजबुज कुठून तरी वरपर्यंत पोचली असावी. कारण हल्ली परीक्षक गुडघे टेकताना दोन्ही हातांनी आपापलं बटण घट्ट धरतात. नवे विद्यार्थी विचारतात, हे का? तर त्यांना सांगतात, हाही अग्नीचा मान. फार जुना नियम आहे.