उमेदवार कुंदाताई

कुंदाताई चौबळ ट्रक ड्रायव्हरला भेटायला कधी रिकाम्या हाताने जात नाहीत. बायोडाटा घेऊन जातात.

बायोडाटा चांगला लॅमिनेट केलेला आहे. वर फोटो. त्यात त्या फोटोग्राफरवर चिडलेल्या दिसतात. खाली शिक्षण बी.कॉम., विमा कचेरीतला तीसेक वर्षांचा अनुभव, मराठी-इंग्रजी टायपिंग, आणि 'इच्छित पद' या शब्दांपुढे ठळक अक्षरांत 'ट्रक ड्रायव्हर'.

मुलुंडला आम्ही एकाच मजल्यावर राहतो, दारासमोर दार. त्यांनी साठी गाठली आहे. लग्न केलं नाही. 'का हो नाही केलंत' असं विचारायला त्यांच्याकडे गेलेली माणसं लवकर परत येतात.

चेकनाक्याजवळ सकाळी ट्रकची रांग लागते. गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना शहरात बंदी असते, म्हणून ड्रायव्हर ती उठेपर्यंत तिथेच खोळंबतात. कोणी दात घासत असतो, कोणी टायरला टेकून कांदा चिरत असतो. त्यांच्यात कुंदाताई सुती साडी, खांद्याला पर्स आणि पायात स्पोर्ट्स शूज अशा थाटात शिरतात. पहिल्या दिवशी मी सोबत होते. खरं तर मी कोथिंबीर आणायला निघाले होते. त्यांनी मला जिन्यातच धरलं.

पहिल्याच ट्रकमध्ये जौनपूरकडचे एक वयस्कर ड्रायव्हर होते. त्यांनी चष्मा लावलेली बाई पाहिली, तिच्या हातातलं लॅमिनेट पाहिलं आणि काही न विचारता आरसी, परमिट, इन्शुरन्स, पीयूसी असा सगळा गठ्ठा तिच्या हातात ठेवला.

"अरे वा, कागद कितना व्यवस्थित रखा है!" कुंदाताई हरखल्या. "ये लो, ये मेरा."

मग ते घाबरून बायोडाटा वाचायला लागले आणि या कौतुकाने परमिट. भर रस्त्यात दोघंही एकमेकांचे कागद वाचत उभे. शेवटी त्यांनी हात जोडले. "माताजी, गाडी अभी हटाता हूँ."

"माताजी किसको बोलता है? मी उमेदवार आहे!"

कोथिंबीर त्या दिवशी राहिलीच.

याची सुरुवात झाली ती कुंदाताईंच्या निरोप समारंभात. साहेबांनी भाषणात म्हटलं, "ताई, आता आराम करा." त्या एवढ्या दुखावल्या की समोशाला हातसुद्धा लावला नाही.

"आराम करा म्हणजे? मी आजारी आहे का गं? हा काय न्याय झाला?"

'हा काय न्याय झाला' हा प्रश्न त्या रिक्षावाल्यापासून थेट देवापर्यंत सगळ्यांना विचारतात. त्या महिन्यात तर दिवसभर विचारत होत्या, कारण जो भेटेल तो त्यांना कशात तरी घालायला बघत होता. भजनी मंडळात या, लाफ्टर क्लबात या, घरगुती लोणची करा. लोणच्यावर तर त्या उसळल्याच. "बी.कॉम. काय कैऱ्या चिरायला झाले?"

आणि अशातच एका सकाळी आमच्या गेटसमोर कोणीतरी ट्रक आडवा लावला. आत ड्रायव्हर गाढ झोपलेला. कुंदाताई तावातावाने खाली गेल्या, हाका मारल्या, दार बडवलं. त्याला जाग येईना, तेव्हा पायरीवर चढून काचेवर टकटक करायला लागल्या. मी गॅलरीतून बघत होते. टकटक करता करता त्या थांबल्या. मान वळवून इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. ड्रायव्हर उठून बसला तरी त्यांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं.

वर आल्या त्या वेगळ्याच चेहऱ्याने. "वरून सगळं दिसतं गं. पार पुलापलीकडचं. आपण इतकी वर्षं काय पुढच्या गाडीचा मागचा भाग बघत गाडी चालवतो?"

कार त्या पूर्वीपासून चालवत होत्या, आणि चांगली चालवत होत्या. मी म्हटलं, हे ट्रकचं खूळ दोन दिवसांत उतरेल. उतरलं नाही.

रोज सकाळी थर्मासभर चहा घेऊन त्या नाक्यावर जाऊ लागल्या. ड्रायव्हरांना प्रश्न विचारायच्या ते मुलाखतीचे. पहिल्या वर्षी अडचणी काय येतात? बढती कशी होते? पीएफ कापतात का? उत्तर सगळीकडून एकच यायचं, या लाइनीत येऊ नका. एकाने कंबर दाखवली, एकाने शुगरच्या गोळ्या दाखवल्या. एकाने उलट त्यांनाच विचारलं, "आपके ऑफिस में मेरे लड़के का कुछ होगा क्या?"

"नाही म्हणायला यांना काय जातं!" त्या घरी येऊन चिडायच्या. "स्वतः चालवतात आणि मला नको म्हणतात." पण दुसऱ्या दिवशी थर्मास घेऊन पुन्हा हजर.

बबनराव गर्जे तिथलेच. मूळचे पाथर्डीकडचे, नाशिकच्या बाजूला टाइल्स नेणारे, पन्नाशीचे. कुंदाताईंचं बोलणं ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे आणि मग डोकं खाजवायचे.

"ताई, तुम्ही च्या पाजा, दोन शब्द बोला, बरं वाटतं. पण गाडीचं डोक्यातून काढा. रस्त्यात बायांना जायची सोय नाय कुठं. आम्ही काय, गाडीमागं उभं राहतो."

यावर कुंदाताईंनी थर्मासचं झाकण लावलं. मला वाटलं, संपलं एकदाचं. पण त्या कढत होत्या. "म्हणजे मला डोळे आहेत, हातपाय आहेत, अक्कल आहे, आणि अडलंय कशावर तर संडासावर! हा काय न्याय झाला?" त्या दिवशी आठ ठिकाणी फोन लावून त्यांनी 'हायवेवर सोय का नाही' म्हणून भांडण काढलं. सगळीकडून त्यांना दुसऱ्या नंबरावर फोन करायला सांगण्यात आलं.

तोवर मला त्यांची गंमत वाटत होती. माझं डोकं फिरलं ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. काउंटरवरचा माणूस मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "आजी, नातवाला शिकवायचंय का?" "मला शिकायचंय," असं कुंदाताई म्हणाल्यावर तो हसला. आतल्या दोघांना बाहेर बोलावलं, तेही हसले. एकाने तर "पदर अडकेल हां गिअरमध्ये" म्हणून टाळी घेतली. त्या माणसाला कुंदाताई काही बोलायच्या आत मीच बोलले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाहेर आल्यावर कुंदाताईंनी मला उसाचा रस पाजला. म्हणाल्या, "बरं भांडतेस की. सराव ठेव."

शेवटी ठाण्याच्या एका स्कूलने घेतलं. सलवार-कमीज घालून त्या जुन्या खटारा ट्रकवर शिकल्या. टेस्टला पहिल्यांदा नापास झाल्या, कारण मध्येच गाडी थांबवून खाली उतरल्या आणि ट्रॅकवरच्या खड्ड्याबद्दल इन्स्पेक्टरला धारेवर धरलं. दुसऱ्या वेळी बबनरावांनी ताकीद दिली होती, "तोंड बंद ठेवा, मग बघा." त्या पास झाल्या. नाक्यावर पेढे वाटले. जौनपूरवाल्यांनी दोन घेतले आणि "दीदी, अब गाड़ी संभाल के" असं बजावलं.

नोकरी मात्र कोणी देईना. लायसन्स बघून ट्रान्सपोर्टवाले चहा मागवायचे, फोटो काढायचे, कौतुक करायचे आणि दाराशी पोचवायचे. "कौतुक करून हाकलतात," कुंदाताई म्हणायच्या. "त्यापेक्षा सरळ नाही म्हणा ना!"

त्यात आमच्या सोसायटीला जाग आली. कुंदाताई ड्रायव्हरांना वॉचमनच्या केबिनजवळचा नळ आणि बाजूचा संडास वापरू देत होत्या. लगेच लिफ्टशेजारी नोटीस लागली: 'बाहेरील वाहनचालकांना आवारात आणू नये.' रविवारी मीटिंग. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, शेवटी आपल्या बिल्डिंगचं एक स्टँडर्ड आहे."

कुंदाताई उठल्या. "गेल्या वर्षी तुम्ही बाथरूमला नवीन टाइल्स लावल्यात. त्या काय पोस्टाने पाकिटात आल्या? कोणीतरी ट्रकमध्ये घालून, कंबर मोडून इथवर आणल्या. त्या टाइल्स तुमच्या घरात चालतात आणि आणणाऱ्याने खाली हात धुतलेले चालत नाहीत?"

मीही उभी राहिले, पण माझ्यासाठी बोलायला काही उरलं नव्हतं, म्हणून पुन्हा बसले. नोटीस काही निघाली नाही. वॉचमन मात्र दुसऱ्या दिवसापासून नोटिशीकडे पाठ करून बसायला लागला.

हे बबनरावांच्या कानावर गेलं असावं. आठवड्याभराने ते खाली येऊन उभे राहिले. "ताई, मालकाला विचारलंय. नाशिकला माल टाकायचाय, दिवसाउजेडी परत. चला. घाटात मी चालवणार, सपाटीला तुम्ही. सोय कुठं-कुठं हाय ते बी विचारून ठेवलंय, दोन पंप आन् एक हॉटेल."

कुंदाताई क्षणभर चिडल्याच नाहीत. मी हे पहिल्यांदा पाहिलं. मग भानावर येऊन म्हणाल्या, "आधी सांगायचं नाही का? डबा काय करू मी आता?"

मी त्यांना निघताना पाहिलं. वर चढून बसल्या, पट्टा लावला, बबनरावांना लावायला लावला. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही, त्या समोर बघत होत्या.

दुपारी ऑफिसात जेवत होते, तेवढ्यात त्यांचा फोन आला.

"पोचले."

"अरे वा! कशी चालली गाडी? किती चालवलीत?"

"पडघ्याच्या पुढे बरीच चालवली. एक कारवाला हॉर्न मारत होता सारखा, त्याला दिलं नाही पुढे जायला. बरं, ठेवते."

"अहो, थांबा. काही काम होतं का?"

"काम कसलं? पोचले, एवढंच सांगायचं होतं."

पलीकडे माल उतरवण्याचा आवाज येत होता. मग त्या जरा खाली आवाजात बोलल्या, भरभर, कोणावर तरी रागावल्यासारख्या.

"हे बबनराव गं. गाडी लावली की पहिला फोन घरी, 'पोचलो'. बाजूच्या गाडीतला, तोही तेच. सगळ्यांचं चाललेलं. मग हे मला म्हणाले, ताई, तुम्ही नाही कळवत घरी? मी म्हटलं, कळवते की. म्हणून खाली उतरले. आई होती तेव्हा ऑफिसात पोचले तरी फोन करायला लागायचा. वैताग यायचा. आता नंबर काढून बसले तर... तू कामात असशील म्हणा."

"जेवत होते," मी म्हटलं. "तुम्ही जेवलात का?"

"जेवते आता."

"जेवा. आणि निघताना फोन करा."

"निघताना कशाला?"

"मला कळायला नको का, केव्हा येताय ते?"

पलीकडे त्यांनी हमालांना आधी आरडाओरड थांबवायला सांगितली. मग त्या म्हणाल्या, "बरं."

निघताना फोन आला. इगतपुरीहून आला. कसारा घाट उतरल्यावर आला. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात असताना भिवंडी बायपासवरून आला, तिथे ट्रॅफिक किती आहे आणि याला जबाबदार कोण हे सविस्तर सांगणारा. नवऱ्याने विचारलं, "सारखं कोण फोन करतंय?"

"कुंदाताई," मी म्हटलं. "अर्ध्या तासात पोचतायत. दार उघडं ठेव."