मोटारीचं दाणापाणी

कुशाबा अंघोळीला गेले, तेव्हाच आनंदीबाईंनी मोटारीला तेल पाजायचे ठरवले.

हे काम त्यांना नवे नव्हते. पोलादपुरातल्या त्या घरात लांबचा पल्ला असला, की निघायच्या आधी बैलांना बांबूच्या नळीने तिळाचे तेल पाजायची रीत होती. त्याने बैलाला दम पुरतो, चढणीला तो अडत नाही. आनंदीबाई हे स्वतःच्या हाताने करीत आणि बैल मान वर करून मुकाट पीत. मोटार येऊन वर्ष होत आले, तरी तिला अजून कुणी काही पाजले नव्हते. कुशाबा डब्यातून पेट्रोल ओतत, ते आनंदीबाई चाऱ्यात धरीत. चारा निराळा आणि तेल निराळे.

आज तर मोटारीला दम हवाच होता. त्यांची आणि कुशाबांची एकुलती लेक मैना बिरवाडीला दिली होती, आणि तिची ही पहिली दिवाळी. जावई मुंबईहून पाडव्याला परस्पर येणार होता. मैनेला आधी आणायची होती. पण तिच्या सासूने, प्रयागबाईंनी, निरोप धाडला होता, की बैलगाडी पाठवा, मोटार नको. उन्हाळ्यात मैनेला सासरी पोचवताना हीच मोटार वाटेत बसली होती, आणि नवी सून भर दुपारी डोक्यावर बोचके घेऊन बिरवाडीत चालत आली होती. गावाला ते हसू महिनाभर पुरले. कुशाबांनी उलट निरोप दिला, की मोटार आता दुरुस्त आहे आणि मी येईन तर तिच्यातूनच. शेवटी प्रयागबाईंनी अट घातली. त्या स्वतः सुनेबरोबर बसणार. मोटार पोलादपूरपर्यंत न थांबता गेली, तर मैना दिवाळीभर राहील. वाटेत थांबली, तर तिथूनच दोघी माघारी.

"हैबती, हिचं तोंड कुठं रे?" आनंदीबाईंनी हळूच विचारले.

हैबती घरचा जुना गडी. बैल त्याच्याकडे होते, आणि आता मोटारीचे हँडल फिरवणेही त्याच्याकडेच आले होते.

"पुढं एक हाय, त्यात पाणी जातं. मागं एक हाय, त्यात दादा डबा वततात."

"मग मागचंच. काढ टोपण."

"वैनी, दादांना इचारलं असतं तर..."

"बैलांना पाजताना इचारते काय मी कधी?"

हैबतीने टोपण फिरवून काढले. "किती पाजायचं?"

"बैलाला पावशेर. हिला किती बैलांचं बळ हाय?"

"दादा म्हणतात, हिच्यात वीस घोडी हायत."

आनंदीबाईंनी मनात हिशेब केला आणि त्या जरा हबकल्या. चकल्या अजून तळायच्या होत्या. "शेरभर पुरे. दिवाळीचं घर हाय. तिनंही समजून घ्यावं."

नळीतून तेल आत गेले. थोडे तोंडावरून ओघळले, तिथे बोटाच्या जाडीचा तेलकट पट्टा उमटला. तो पुसायच्या आतच कुशाबांच्या खडावा वाजल्या. आनंदीबाईंनी मोटारीची पाठ थोपटली आणि त्या आत गेल्या.

मोटार सुरुवातीला नेहमीसारखी चालली, कारण टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत आधीचे पेट्रोल होते. टाकीत तेल तळाशी बसले होते. रस्त्याच्या हिसक्यांनी दोन्ही मिसळू लागली, तशी मोटार मागे पांढरा धूर सोडू लागली, आणि त्या धुराला कढईचा वास येऊ लागला.

"कुणाकडं तळतायत रे?" कुशाबांनी विचारले.

"दिवाळी हाय, दादा," हैबती म्हणाला. एका बाजूला सावित्री नदी होती आणि दुसऱ्या बाजूला डोंगर. घर एकही नव्हते.

महाडच्या बाजारात मुरारी वाणी दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. एरवी मोटारीवर भुंकणारी कुत्री आज शेपट्या हलवत मागे येत होती.

"फराळ चाललाय वाटतं विहिणीकडं," मुरारी म्हणाला. "वास झकास हाय. पण डबा झाकून न्या."

"डबा झाकलेलाच हाय," कुशाबा म्हणाले आणि त्यांनी मागे वळून फराळाच्या डब्याकडे संशयाने पाहिले.

बिरवाडीला प्रयागबाई दारातच उभ्या होत्या. उंच, सडसडीत बाई, बोलणे मोजके. त्यांनी एकदा हवा हुंगली.

"व्याहीबुवा, इतकं ताजं आणलंत?"

"तुमच्याकडं यायचं म्हंजे ताजंच," कुशाबा म्हणाले.

प्रयागबाईंनी डबा उघडून करंजीला बोट लावले. करंजी गार होती. कुशाबांना आणि हैबतीला त्यांनी पानावर बसवले, मैनेला वाढायला सांगितले आणि स्वतः बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा हात पदराला पुसत होत्या. व्याह्यांना आग्रह करकरून त्यांनी आणखी भात वाढला.

निघताना मैना मागे सासूशेजारी बसली. आईला भेटायच्या आनंदाने तिला हसू येत होते, पण सासू शेजारी असल्यामुळे ती ते दाबून धरीत होती. महाड मागे पडले. मोटार धूर सोडत होती, पण चालत होती. कुशाबांचा आवाज चढला.

"पाहिलंत, विहीणबाई? ही थांबायची नाय आता."

पुढच्या चढणीवर मोटारीने एक उचकी दिली. मग दुसरी. मग ती थांबली.

हैबतीने हँडल फिरवले, खांदा दुखेपर्यंत फिरवले. मोटार हूं की चूं करीना.

प्रयागबाई खाली उतरल्या. "मैना, बोचकं घे."

मैनेने बोचके मांडीवर घेतले, पण ती उठली नाही. ती बापाकडे बघत राहिली. कुशाबांनी घाईघाईने मागे जाऊन टोपण काढले आणि आत नाक घातले.

"तीळ," ते म्हणाले. "हैबती, हिच्यात तिळाचं तेल कसं आलं?"

हैबती आपल्या पायांकडे बघत म्हणाला, "वैनीनं पाजलं. चढणीला दम पुरावा म्हणून. शेरभरच."

कुशाबांच्या कपाळावरची शीर उभी राहिली. "मोटार म्हंजे बैल हाय काय? यंत्र हाय हे. यंत्राला भूक नाय, तहान नाय. वरीस झालं मी घरात सांगतोय. विहीणबाई, तुम्हीच सांगा, शहाण्या बाईचं काम हाय काय हे?"

प्रयागबाई दूर डोंगराकडे बघत होत्या.

टाकी रिकामी करून बघायचे ठरले. कुशाबांनी खालचा स्क्रू ढिला केला आणि हैबतीने तांब्या धरला. तेल किंवा पेट्रोल येईल म्हणून दोघे वाकून बघत होते. आले ते स्वच्छ पाणी. तांब्या भरला, ओतून दिला, पुन्हा भरत आला, तरी पाणीच. ते सगळ्यात जड, म्हणून टाकीच्या तळाशी होते. सपाटीवर ते टाकीभर पसरलेले होते. चढण लागल्यावर मागे सरकून नळीच्या तोंडाशी जमले होते.

"हे पण वैनीनंच?" कुशाबांनी विचारले.

"नाय, दादा. वैनीनं पाणी नाय पाजलं. मी वतलं ते पुढच्या तोंडात. मागल्यात नाय, शपथ."

"मग कुणी वतलं? कुठला अडाणी..."

"मी," प्रयागबाई म्हणाल्या.

कुशाबांच्या हातातले टोपण खाली पडले आणि गवतात गेले.

"पाहुण्याचं जनावर दारातून तहानलेलं कसं धाडायचं?" प्रयागबाई अजूनही डोंगराकडेच बघत होत्या. "तोंड कुठं हाय ते ठाव नव्हतं. मागं तेलाचा ओघळ दिसला, म्हटलं, इथंच पाजतात. दोन तांबे घेतले तिनं. मग पुरे केलं."

मैनेने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. कुशाबा मुलीचे बाप होते. विहिणीला अडाणी म्हणण्याची सोय जगात कुठेच नव्हती, आणि अर्धे म्हणून झालेच होते. त्यांनी गवतातले टोपण शोधायला बराच वेळ घेतला. मग ते उभे राहिले.

"बरं केलंत, विहीणबाई," ते म्हणाले. "तहानलीच होती ती."

हैबतीने तांब्या तोंडासमोर धरला, म्हणून त्याचे तोंड दिसले नाही.

तांब्यात वास असलेले पेट्रोल येऊ लागल्यावर कुशाबांनी स्क्रू घट्ट केला. नळीतले उरलेसुरले पाणी काढले. हैबतीने हँडल मारले. मोटार दोनदा खोकली आणि कढईचा वास सोडत सुरू झाली. पण प्रयागबाई रस्त्यातच उभ्या होत्या आणि अट अटच होती. मैनेचे हसू मावळले. बोचके घेऊन ती खाली उतरू लागली.

"तू कुठं निघालीस गो?" प्रयागबाईंनी विचारले.

"तुमीच म्हणालात ना, थांबली तर माघारी."

"थांबली ती पाण्याला. जनावर वाटेत पाण्याला थांबलं, तर कुणी थांबलं म्हणतं काय?" त्या पुन्हा आत चढल्या आणि पाय आवरून बसल्या. "व्याहीबुवा, हाका."

पोलादपुरात आनंदीबाई अंगणातच होत्या. त्यांनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, विहिणीच्या पायांवर पाणी घातले आणि न राहवून विचारले,

"वाटेत कुठं थांबली नाय ना?"

"पाण्याला," प्रयागबाई म्हणाल्या. "तेवढंच."

"आणि चढण?"

"चढण चढली झ्याक. तेलाचा गुण," असे म्हणून प्रयागबाईंनी व्याह्यांकडे बघितले. "काय, व्याहीबुवा?"

कुशाबांनी आधी मोटारीकडे, मग बायकोकडे, मग विहिणीकडे पाहिले.

"तेलाचाच," ते म्हणाले, आणि हातपाय धुवायला विहिरीकडे गेले.