तात्या पाच मोजतात

आमच्या शेजारच्या तात्यांना वेळ विचारली, की ते मनगट पुढं करतात आणि मनात पाच मोजतात. तेवढ्यात तुम्ही घड्याळ वाचलंत तर ठीक, नाहीतर मग ते सांगतात. "आधी सांगितलं तर माणूस शिकत न्हाय, लई उशिरा सांगितलं तर खचतो," हे त्यांचं शास्त्र. बारामतीला विशेष मुलांच्या शाळेत त्यांनी उभी हयात घालवली. निवृत्त होऊन भवानीनगरला आले आणि आमची अख्खी आळी त्यांच्या वर्गात बसली.

कुठल्याही कामाच्या ते पायऱ्या पाडतात. चहाच्या सतरा. मी एकदा गॅस चालू ठेवूनच चहा गाळायला घेतला, तर म्हणाले, "वसंतराव, बारावी पायरी खाल्लीत."

जगातलं नवं संशोधन ते मोबाईलवर भिंग धरून वाचतात. "आता समदे व्हिडिओ दावून शिकवाय लागल्यात," असं म्हणून त्यांनी एसटीत चढणाऱ्या स्वतःच्याच पायांचा व्हिडिओ काढला. कंडक्टर खाली वाकून विचारायला लागला, "आजोबा, काय हरवलं का?"

व्हिडिओ सुमनसाठी होता. सुमन त्यांची लेक. वय पस्तीस, समज सहा-सात वर्षांची. बारामतीच्या एका केंद्रात तिला कागदी पिशव्या करायचं काम मिळालं होतं. तिनं एकटीनं जावं, असा तात्यांचा हट्ट. "मी काय जन्माला पुरणार हाय का?" एवढंच ते एकदा बोलले होते.

एसटीनं जायच्या बावीस पायऱ्या झाल्या. तात्या आधी तिच्या शेजारी बसत, मग मागच्या सीटवर, मग नुसतं थांब्यापर्यंत. एकदा मी न राहवून तिला चढताना हात दिला. तात्या आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. माझा चांगुलपणा त्यांना महिन्याभराच्या मेहनतीवर पाणी वाटला, आणि खरं सांगतो, तो होताच.

मग ती सकाळ आली. तुऱ्यावर आलेला ऊस धुक्यात बुडालेला, कारखान्याचा गोडसर वास, सगळं झोपेत पाहिल्यासारखं. आम्ही दोघं कडुलिंबाआड लपलो होतो. उतरवून घ्यायला तिकडं केंद्रातल्या बाई थांबणार होत्या. एसटी आली. सुमन दाराशी गेली आणि तिथंच थबकली.

मी पुढं झालो. तात्यांनी माझं मनगट पकडलं. "पाच."

एक. दोन. तीन. चारला तिनं दांडा धरला आणि चढली. वळूनही पाहिलं नाही. गाडी धुक्यात विरून गेली.

मला नाचावंसं वाटत होतं. तात्या मात्र तिथंच उभे. "वसंतराव," म्हणाले, "रिकाम्या घरात जायच्या पायऱ्या मी पाडल्याच न्हाईत."

मी मनात सावकाश पाच मोजले. त्यांचे पाय हलले नाहीत.

मग मी त्यांचा हात धरला.