गॉडी शब्दाचा अर्थ आणि तळ्यावरील दरवाजाची हकिकत

विघ्नहर्त्यास नमन करून, खुशमस्कऱ्यांस एकही नमस्कार न करून, शके सत्राशें अठ्ठावनचे चैत्री एके संस्थानी जे घडले ते लिहितों. श्रीमंतांनी गावच्या तळ्याच्या तोंडाशी दरवाजा बांधिला, आणि त्यावर पितळी मोर बसविले, आणि मोरांभोवती आरसे, आणि आरशांवर सोनेरी वेल, मग उरल्या जागेत स्वतःची सात चित्रे काढविली. शिंतोडे उडून आरसे डागाळतात म्हणून बायकांस घागरी भरण्याची मनाई केली. ऐन उन्हाळा, दुसरे पाणी कोसावर. मग इंग्रजांचा वकील आला, दरवाजा पाहून "गॉडी" इतकेच बोलिला, आणि ही तारीफच ऐसे समजून श्रीमंत संतोषले, आणि आज्ञा जाहली जे, शब्द दरवाजावर सोन्यात कोरावा, अर्थ चिंतो आबाजी दुभाष्यांनी भर दरबारी सांगावा.

चिंतोपंतांची बायको कोसावरून पाणी वाहून तापाने पडली होती, आणि पंत आतून जळत होते. चिटणीस कानाशी लागले, "पंत, भव्य म्हणा आणि सुटा. नोकरी जाईल." पंत म्हणाले, "पंचवीस वर्षे भव्यच म्हणत आलों. जीभ किटली, चिटणीस." आणि उभे राहून बोलिले, "सरकार, भपका रग्गड आणि रुचि काडीची नाही, ऐशा वस्तूस गॉडी म्हणतात. वापर ऐसा: हा दरवाजा गॉडी आहे. हे मोर गॉडी आहेत. तहानल्या बायकांस हाकलून आरसे पुसविणे, यास मात्र हा शब्द पुरत नाही. त्यास निर्लज्जपणा म्हणतात, आणि तो शब्द आपल्याच भाषेतला आहे."

श्रीमंतांनी पंतांची पगडी उतरविली, आणि कोपून दवंडी पिटविली जे, हा शब्द राज्यात कोणी उच्चारू नये. आता शब्द सांगितल्याविना मनाई कशाची करावी? दवंडीवाल्याने तो चौकाचौकांत ओरडून सांगितला, आणि लोकांनी विचारिले तेव्हां अर्थही सांगितला. दुसरे दिवशी झाडून साऱ्या बायका घागरी घेऊन दरवाजाशी आल्या. येसू गुरवीण म्हणाली, "हवालदारदादा, तो शब्द आम्ही नाही हो बोलत. मोरांकडं नुसतं बघतो." मग साऱ्याच मोरांकडे बघू लागल्या. हवालदारास हसू आवरेना. "भरा बायांनो," म्हणाला, आणि पाठ फिरवून उभा राहिला. श्रीमंत सज्जातून पाहत होते; परंतु शब्द कोणी बोलिलेच नव्हते, धरावे कोणास? आणि पाण्यापायी धरावे, तर पंतांनी म्हटलेला निर्लज्जपणा खरा ठरता. तळे मोकळे जाहले.

सारांश, पाणी मिळाले, पंतांची नोकरी गेली ती गेलीच, आणि दरवाजा उभा आहे. श्रीमंतांस राग आला तो शब्दाचा, दरवाजाचा कधीच नाही. हल्ली चिटणीस सांगत फिरतात की अर्थ आपणच सांगितला. खोटे बोलतात.