सावलीत धरणारा मका

अप्पाकाका उन्हात उभ्या असलेल्या माणसाशी बोलत नाहीत. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला आमची वाडी आहे. तिथे कोणी त्यांच्याकडे गेलं की ते लांबूनच हाताने खूण करतात, ‘आधी सावलीत ये.’ पाहुण्याला वाटतं, केवढं हे अगत्य. अगत्य वगैरे काही नसतं. ‘उन्हात कोणीही बरं दिसतं,’ असं त्यांचं मत आहे. माणूस असो, म्हैस असो की मका, पारख सावलीतच करायची.

काका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. त्यांची सगळी नोकरी देशावरच्या एका मका संशोधन केंद्रात झाली. निवृत्त होऊन वाडीत परतले तेव्हा बहुतेक घरांना कुलपं होती आणि माणसं मुंबईला होती. जमीन कसायला कोणी नाही म्हटल्यावर बांधावरचे ऐन आणि किंजळ पसरत पसरत शेतात उतरले होते. काकांच्या तुकड्यावर दुपारी थोडा वेळ सोडला तर ऊनच पडत नसे. दुसऱ्या कोणी झाडं छाटली असती. पण झाडं भाऊबंदांच्या बांधावरची, आणि सातबाऱ्यावर नावं इतकी की संमती गोळा करायला निम्मी मुंबई फिरावी लागली असती. काकांनी ठरवलं, झाडाला हात लावायचा नाही. सावलीत कणीस धरणारा मकाच तयार करायचा.

‘असा मका झाला ना, तर ही सगळी पडीक कामाला येईल,’ ते म्हणायचे. ‘मग लोक येतील परत.’

हे ते इतक्या साधेपणाने म्हणत की मी दुसरीकडे बघत असे.

काकांचा एक ठरलेला प्रश्न आहे : ‘हे रक्तातलं की जागेचं?’ चहा कडू झाला, एसटी उशिरा आली, कोणाचा मुलगा नापास झाला, तरी ते हेच विचारतात. म्हणजे दोष मुळातला, की परिस्थितीने आलेला? तरुणपणी ते मुलगी बघायला गेले होते. मुलगी उंच होती. काकांनी तिच्या वडिलांना विचारलं, ‘ही उंची रक्तातली की जागेची?’ चहा यायच्या आत ते रस्त्यावर होते.

मी महाडला, औद्योगिक वसाहतीतल्या औषधाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते. शिक्षण सगळं इंग्रजीत. एकदा मी चुकून ‘जीनोटाइप’ म्हटलं. काका म्हणाले, ‘इंग्रजीत बोललं की सगळं सिद्ध झाल्यासारखं वाटतं. मराठीत सांग, म्हणजे शंका यायला लागतील.’

त्यांच्या मते सावलीतली रोपं दोन प्रकारची. पहिली उजेडाच्या शोधात वर वर जातात, बारीक होतात आणि वाऱ्याला आडवी पडतात. दुसरी आहे तिथे, आहे तेवढ्या उजेडात, मुकाट्याने दाणा भरतात. वाडीतून मुंबईला गेलेले सगळे पहिल्या प्रकारात. मला त्यांनी लहानपणीच दुसऱ्या प्रकारात टाकलं, कारण पाहुणे आले की मी दाराआड उभी राहायचे. ‘ही धरेल,’ असं ते आईला म्हणाले. आईला ते फारसं आवडलं नव्हतं.

मक्याचा तुरा नर आणि कणसाचे केस मादी. सावलीत तुरा वेळेवर येतो, केस उशिरा. ते येईपर्यंत पराग उडून गेलेला असतो आणि कणीस रिकामं राहतं. ज्या झाडात हा उशीर कमी, त्याचा पराग त्याच्याच केसांवर टाकायचा, दुसऱ्याचा येऊ द्यायचा नाही, आणि पुढल्या वर्षी तेच बी पेरायचं. त्यासाठी तुऱ्याला आणि कणसाला कागदी पिशव्या बांधाव्या लागतात. मी प्रयोगशाळेतला बटरपेपर आणून द्यायला लागण्यापूर्वी काका लग्नपत्रिकांची पाकिटं वापरत. भर पावसात मक्याची झाडं डोक्यावर गणपती आणि ‘सहकुटुंब सहपरिवार’ घेऊन उभी असत.

‘तुमचं झालं नाय म्हणून मक्याची लावताव काय, भावजी?’ शेजारच्या भागीकाकी बांधावरून विचारायच्या.

‘वहिनी, तुमच्या शेळ्या आवरा. आणि माझ्या सावलीला कोयती लावायची नाही हां.’

‘नाय लावत. सावली काय, घेऊन बसा मांडीवर.’

भागीकाकी वाडीतल्या शेवटच्या शेजारीण. त्या, त्यांच्या शेळ्या आणि एक भुंकरा कुत्रा. त्या कुत्र्यामुळे त्यांच्या बांधालगत रानडुकरं येत नसत, म्हणून काका जपून ठेवायचं बी दरवर्षी तिथेच पेरत. बरीच वर्षं काही धरलं नाही. मग त्या ओळीत कणसं धरू लागली. लहान, वाकडी, अर्धीमुर्धी भरलेली, पण सावलीत. काका एक कणीस घेऊन महाडला आमच्या घरी आले आणि टीव्हीपुढे ठेवून तासभर त्याच्याकडे बघत बसले. टीव्ही चालू होता.

‘रक्तात उतरलं,’ एवढंच म्हणाले.

गेल्या दिवाळीत भागीकाकींना मुलाने नालासोपाऱ्याला नेलं. शेळ्या विकल्या. कुत्रा कुठे गेला कळलं नाही. यंदा काकांनी होतं नव्हतं ते सगळं बी पेरलं आणि डुकरांसाठी स्वतः शेतातल्या माळ्यावर बसून पत्रे वाजवले.

गणपतीनंतर मी गेले तेव्हा ते त्या ओळीत बसून कणसं सोलत होते. एक सोललं, आत नुसता पांढरा, बिनदाण्याचा बुरकुंडा. दुसरं सोललं, तेच. मी मदतीला बसले. ओळ संपत आली तरी एकातही दाणा निघाला नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. भागीकाकी होत्या. मी मुंबईला जाणार हे त्यांना कळलं होतं. मी फोन स्पीकरवर लावून काकांपुढे धरला.

‘भावजी, मका कसा हाय?’

काकांनी पुढचं कणीस सोलायला घेतलं.

‘तुमाला येक सांगायचं व्हतं. रागवू नका. तुमी बाजाराला गेलाव का मी काठीला कोयती बांधून ऐनाच्या शेंड्याकडच्या फांद्या वढायची. तुरं यायच्या टायमाला. पाला शेळ्या खायच्या, म्हणून तुमाला कळायचं नाय. तुमी रिकामी कणसं सोलीत बसायचाव, बघवत नव्हतं हो. यंदा तोडायला कोण नाय. धरला नसंल ना?’

काकांनी मान वर केली. इतकी वर्षं सावलीवर काम केलं, पण त्यांना झाडाच्या शेंड्याकडे बघताना मी पहिल्यांदाच पाहिलं. ऐन गच्च भरला होता. जगात सगळ्यांना विचारलेला प्रश्न त्यांनी या एका ओळीला कधी विचारला नव्हता.

‘धरलाय,’ ते म्हणाले. हातात बुरकुंडा होता. ‘चांगला धरलाय. तुम्ही उगाच हात दुखवून घेतलेत, वहिनी.’

‘खरं?’

‘मी मक्याबद्दल कधी खोटं बोललोय?’

‘बरं झालं माय. जीवाला लागून राह्यलं व्हतं. मंग दोन कणसं द्या पोरीकडं. हितं गॅसवर भाजीन.’

‘देतो. तुम्ही कधी येताय?’

‘आता कसली येतंय, भावजी. घराचा मागला भाग बसला म्हनं पावसात.’

‘मी बघतो घराकडे,’ काका म्हणाले. पण तोवर फोन कट झाला होता.

काका माझ्याबरोबर पोलादपूरपर्यंत उतरले. महाबळेश्वरला जाणाऱ्यांसाठी कणसं भाजणारा एक गाडीवाला तिथे असतो. त्याच्या मक्याला काका ‘उन्हातले पैलवान’ म्हणत आणि गाडीपुढून जाताना तोंड फिरवत. आज ते थांबले. गाडीवाल्याने दोन टपोरी कणसं काढली.

‘ही नको. ती खाली टाकलेली दाखव.’

‘ती गुरांना ठेवलीत, काका. दाणा नाय त्यांत.’

काका उकिडवे बसले. एकेक सोलून बघत त्यांनी दोन लहान, वाकडी, अर्धवट भरलेली कणसं निवडली आणि सालं परत नीट मिटून माझ्या हातात दिली.

‘मोठी बघून तिला पटायचं नाही,’ ते म्हणाले. ‘आणि विचारलं तर सांग, बियाण्याला ठेवून उरली ती पाठवलीत.’